विज्ञानकथा, अद्भुत आणि भयकादंबऱ्या एकमेकांना सुचवायच्या कशा? गावातल्या वाचणाऱ्यांसाठी क्रमवार पद्धत

गावात दोन वाचणारे भेटले की प्रश्न ठरलेला असतो, "सध्या काय वाचून राहिले भाऊ?" उत्तरात पुस्तकाचं नाव येतं, पाठोपाठ "भारी आहे, वाचून पाहजा" येतं आणि पुस्तक एका घरून दुसऱ्या घरी जातं. महिन्या-दीड महिन्यानं परत येतं तेव्हा खुणेचा कागद विसाव्या पानाच्या आसपास असतो. नेणारा ओशाळतो, देणारा खट्टू होतो.

कौटुंबिक किंवा ऐतिहासिक कादंबरीच्या बाबतीत एखादी शिफारस चुकली तर फारसं बिघडत नाही. वाचणारा दुसरी कादंबरी उचलतो. विज्ञान, अद्भुत आणि भय या तीन प्रकारांत मात्र पहिलं पुस्तक चुकलं की माणूस त्या सगळ्या कपाटाकडेच पाठ फिरवतो. "असले भुताखेताचे, ग्रहाताऱ्याचे पुस्तकं आपल्याले नाही जमत," हे वाक्य मी शाळा सोडलेल्या पोरांकडून ऐकलं आहे, तसंच निवृत्त गुरुजींकडूनही. दर वेळी खोलात गेलं की दिसतं की पुस्तक चांगलं होतं, माणूसही वाचणारा होता, जोडी तेवढी चुकली होती.

ग्रामपंचायतीजवळचं 'ड' वर्ग (सगळ्यात लहान वर्गातलं) वाचनालय, शाळेचं कपाट, बचत गटातल्या बायांची पुस्तकांची पिशवी किंवा चार मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप, यांपैकी काहीही चालवत असाल तर पुढचा क्रम धरून चला. पायऱ्या मागेपुढे करू नका. बहुतेक घोटाळा त्यातूनच होतो.

१. आधी कपाट तपासा

आपल्याकडच्या छोट्या वाचनालयांत ही पुस्तकं 'कादंबरी' आणि 'कथासंग्रह' या दोन कपाटांत विखुरलेली असतात. दाखलनोंद वहीत नाव, लेखक, किंमत एवढंच असतं, प्रकार लिहिलेला नसतो. म्हणून एक रविवार काढून वेगळी वही करा. प्रत्येक पुस्तकासमोर पाच गोष्टी लिहा: प्रकार, कादंबरी की कथासंग्रह, पानं, मूळ मराठी की अनुवाद की रूपांतर, आणि मालिकेतलं असेल तर कितवा भाग.

प्रकार ठरवताना गोंधळ होतो, तेव्हा पुस्तकात घडणाऱ्या अजब गोष्टीला काय आधार दिला आहे ते पाहा. आधार विज्ञानाचा असेल तर विज्ञानकथा. ते जगच वेगळं असेल आणि तिथले नियम वेगळे असतील तर अद्भुत. आधार असो वा नसो, लेखकाचा सगळा रोख वाचणाऱ्याला भिववण्यावर असेल तर भय.

चौथी एक जात आहे, तिच्यामुळे सगळ्यात जास्त शिफारशी फसतात: गूढकथा. रहस्यकथा वाचणाऱ्याला शेवटी गुन्हेगार सापडायला हवा असतो, सगळे धागे जुळायला हवे असतात. गूढकथा पुष्कळदा उलगडा न करताच थांबते. रत्नाकर मतकरींचा गूढकथासंग्रह एखाद्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांच्या शौकिनाच्या हाती नुसता "रहस्य आहे" म्हणून दिला, तर तो "शेवट तर सांगितलाच नाही" म्हणत परत आणून देणार. वहीत हे दोन शब्द वेगळे लिहा आणि बोलतानाही वेगळे वापरा.

रूपांतराची नोंदही कामाची आहे. नारायण धारपांची 'लुचाई' स्टीफन किंग यांच्या 'सालेम्स लॉट' या इंग्रजी कादंबरीवर बेतलेली आहे. गावात एखादा शिकून आलेला पोरगा इंग्रजी वाचणारा असतो. त्याला हे आधी सांगितलं तर तो दोन्हींची तुलना करत मजेनं वाचतो. न सांगता दिलं तर तिसऱ्या प्रकरणापाशी त्याला ओळख पटते आणि फसवल्यासारखं वाटतं.

तपासा: जुनं, पुन्हा बांधणी केलेलं पुस्तक असेल तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पानांचे आकडे चाळा. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी शिवलेलं असतं. दोरा कुजला की एक अख्खा फर्मा निसटतो, आणि बांधणीवाला उरलेलं तसंच शिवून देतो. भयकादंबरीतला शेवटचा फर्मा नसणं यापेक्षा वाचणाऱ्यावर मोठा अन्याय नाही. असं पुस्तक वहीत लाल शाईनं लिहा आणि कोणालाही सुचवू नका.

२. वाचतानाच नोंद ठेवा, संपल्यावर नको

पुस्तक संपलं की डोक्यात शेवटच उरतो. शिफारशीला मात्र सुरुवात लागते, कारण नवा वाचक सुरुवातीलाच अडतो. म्हणून खुणेच्या कागदावरच पेन्सिलीनं लिहीत चला. कोणत्या पानावर पुस्तकानं धरलं. कुठं रेंगाळलं. कोणती माहिती आधी असावी लागली (कृष्णविवर म्हणजे काय, प्रकाशवर्ष म्हणजे काय). लहान मुलाचा, बाळंतिणीचा किंवा जनावराचा छळ कुठं आहे. शेवटची नोंद बहुतेकजण करत नाहीत आणि नंतर तीच नडते.

"सध्या वाचतोय" म्हणून ग्रुपवर सांगायचं असेल तर पानाचा आकडा घालूनच सांगा. मेसेज असा असावा:

"सध्या: जयंत नारळीकर, 'प्रेषित'. पान ६० पर्यंत आलो. भाषा सोपी आहे, शास्त्रज्ञांची बोलणी आहेत पण अडत नाही. अजून शिफारस करत नाही, पूर्ण झाल्यावर सांगतो."

यात वाचणाऱ्याला तुम्ही कुठवर आलात ते कळतं, तुमचं मत कच्चं आहे हेही कळतं. कोणी आधी वाचलं असेल तर तो साठ पानांपुढचं बोलणार नाही.

सावध: अर्धं पुस्तक वाचून "घ्याच" असं सांगू नका. या तीन प्रकारांत पुस्तकाचा कस उत्तरार्धात लागतो. सुरुवातीला जमवलेली भीती किंवा कोडं लेखकाला पेलवलं की नाही, ते तोवर दिसत नाही.

३. पुस्तकाचं नाव काढण्याआधी माणसाला विचारा

बहुतेकजण ही पायरी गाळतात. आपल्याला पुस्तक आवडलेलं असतं, उत्साह असतो, समोरचा दिसला की नाव तोंडातून निघून जातं. थांबा. आधी चार गोष्टी काढून घ्या, गप्पांत, चौकशी केल्यासारखं न वाटता.

*शेवटचं काय पूर्ण वाचलं?* पुस्तकच असलं पाहिजे असं नाही. पोथी, दिवाळी अंक, वर्तमानपत्राची रविवार पुरवणी, सगळं चालतं. शेवटचा सिनेमा किंवा मालिका कोणती पूर्ण पाहिली, हेही विचारा. पारायण करणाऱ्या आजींना अद्भुत कथा अजिबात परकी वाटत नाही. बोलणारे पक्षी आणि रूप पालटणारे राक्षस त्यांनी जन्मभर ऐकले आहेत.

*वाचता कधी?* आपल्या भागात याचं उत्तर पिकावर ठरतं. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाचा वेचा सुरू झाला की चारशे पानांची कादंबरी देण्यात अर्थ नाही, कथासंग्रह द्या. एका बैठकीत एक गोष्ट संपली पाहिजे. जाडजूड कादंबरी उन्हाळ्यात द्या. वैशाखात दुपारी बारा ते चार कोणी घराबाहेर पडत नाही, तेव्हा पाचशे पानंही सरतात.

*वाचता कुठं, उजेड कसा?* जुन्या आवृत्त्यांचा टाइप बारीक आणि कागद पिवळा. साठीच्या पुढच्या वाचकाला मोठ्या अक्षराची नवी आवृत्ती असेल तरच द्या.

*रात्री वावरात जावं लागतं का?* भयकादंबरीसाठी हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढं जाऊच नका. रात्रपाळीची वीज असली की कास्तकाराला एक-दोन वाजता एकट्यानं मोटार सुरू करायला विहिरीवर जावं लागतं. हरभऱ्यात रानडुकरं आणि रोही (नीलगाई) शिरतात म्हणून जागल, म्हणजे रात्रीची राखण असते. एका काकांनी मला सरळ सांगितलं होतं, "पुस्तक चांगलं हाये, पण मले रातच्याला ओलिताले जा लागते. आता त्या चिचेखालून जाताना पाय उचलत नाही." माणूस भित्रा नव्हता. त्यांचं ओलित संपेपर्यंत ते पुस्तक थांबायला हवं होतं. अशा वाचकाला रब्बीत विज्ञानकथा द्या, भय उन्हाळ्यासाठी राखून ठेवा.

तपासा: आता डोळे मिटून सांगता येतं का, की या माणसाला काय आवडतं, किती पानं झेपतील आणि काय नको? एकाचंही उत्तर नसेल तर आज पुस्तक देऊ नका, उद्या द्या.

४. जोडी लावा: पुस्तकं दोनच काढा

एकच पुस्तक समोर ठेवलं की नेणाऱ्याला भिडेखातर न्यावं लागतं. पाच ठेवली की तो वरचं मुखपृष्ठ पाहून उचलतो. दोन ठेवा, एक सोपं आणि एक थोडं पुढचं, आणि निवड त्याला करू द्या.

विज्ञानकथा कधीच न वाचलेल्याला कादंबरी देऊ नका. नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह आधी. त्यातल्या दोन-तीन गोष्टी जमल्या की 'प्रेषित' किंवा 'वामन परत न आला'. त्याच्यापुढं बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्या कथांकडे वळवता येतं. बुलढाणा-वाशिमकडच्या वाचकाला माझ्या अनुभवानं एक दुवा हमखास लागू पडतो: लोणार. आकाशातून पडलेल्या दगडानं जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर केलं, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. "आकाशातून आलेली वस्तू" म्हटल्यावर त्याला ते थोतांड वाटत नाही. तिथून बोलणं सुरू करा.

अद्भुताचा दरवाजा वयाप्रमाणे बदलतो. सातवी-आठवीच्या पोरापोरींना हॅरी पॉटरचे मराठी अनुवाद चालतात, पण एकूण सात भाग आहेत आणि ते क्रमानंच द्यावे लागतात. तुमच्याकडे पहिला नसेल आणि तिसरा असेल तर तिसरा देऊन सुरुवात करू नका, तालुक्याच्या वाचनालयातून पहिला मागवा. ऐतिहासिक कादंबऱ्यांवर वाढलेल्या ज्येष्ठांना नाथमाधवांची 'वीरधवल' देऊन पाहा. भाषा जुन्या वळणाची आहे, वाक्यं लांब आहेत, हे देतानाच सांगा. ज्यांनी लहानपणी त्या काळची पुस्तकं वाचली त्यांना तेच आवडतं. विशीतल्या पोराला तेच पुस्तक दिलंत तर दहा पानांत बंद होईल.

भयाच्या बाबतीत मात्र पायरीपायरीनं जा. आधी मतकरींच्या लहान कथा. एक कथा वाचून माणूस पुस्तक खाली ठेवू शकतो, श्वास घेऊ शकतो. त्या पेलल्या तर धारपांच्या कथा, मग कादंबऱ्या. 'लुचाई' अशा वाचकासाठी आहे, ज्याला भीती हळूहळू साचत गेलेली चालते. पहिल्याच पानावर किंकाळी हवी असलेल्याला ती संथ वाटेल.

सावध: "मला आवडलं" हे शिफारशीचं कारण होत नाही. कारण समोरच्यापासून सुरू झालं पाहिजे: "तुम्हाला अमुक आवडलं होतं, म्हणून हे."

५. चार वाक्यांत सांगा आणि गप्प बसा

सांगताना मर्यादा ठरवून घ्या: पुस्तकाच्या पहिल्या दहाव्या भागात जे कळतं तेवढंच सांगायचं. दोनशे पानांचं पुस्तक असेल तर विसाव्या पानापुढची एकही गोष्ट तोंडातून जाऊ देऊ नका.

पहिल्या वाक्यात गोष्ट कुठून सुरू होते ते. दुसऱ्यात पुस्तकाचा प्रश्न काय आहे. तिसऱ्यात काय नाही किंवा काय खटकेल. चौथ्यात हे तुम्हालाच का. नमुना पाहा, एका निवृत्त गुरुजींना 'वामन परत न आला' देताना:

"गुरुजी, जमिनीत खूप खोल खणताना एक वस्तू सापडते, तिथून गोष्ट सुरू होते. ती कोणी पुरली आणि कशासाठी, हा प्रश्न आहे. मारामारी, रक्त काही नाही, विज्ञानाची बोलणी मात्र आहेत. तुम्ही विज्ञान शिकवत होते, म्हणून तुमच्यासाठी काढून ठेवलं."

याच पुस्तकाबद्दल लोक काय सांगतात? वामन कोण ते सांगून टाकतात, त्याचं काय होतं तेही सांगतात. मग गुरुजींनी वाचायचं कशाला?

आणखी एक वाक्य कायमचं सोडून द्या: "शेवट असा आहे ना, तुम्ही विचारच करू शकत नाही." ऐकणारा पहिल्या पानापासून शेवटाचाच अंदाज बांधत बसतो आणि अर्ध्यावर बरोबर अंदाज बांधतो. शेवटाबद्दल चांगलं-वाईट काहीच बोलू नका. पाठमजकुरातही कधी कधी नको तेवढं सांगितलेलं असतं. अशा पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घाला, पुस्तकही टिकेल आणि गोष्टही.

तिसऱ्या वाक्यावर थोडं अडून बसतो, कारण इथं लोक कचरतात. पुस्तकाचं उणं सांगितलं तर नेणार नाही, असं त्यांना वाटतं. उलट होतं. "पहिली तीस पानं संथ आहेत" हे आधी माहीत असलं की वाचणारा तीस पानं धीर धरतो. माहीत नसलं तर पंधराव्या पानावर सोडतो आणि दोष स्वतःला देतो.

६. भयकादंबरीसाठी वेगळी काळजी

हा भाग घाईत वाचू नका. आपल्या गावांत चेटूक, करणी, भानामती हे शब्द पुस्तकातच राहत नाहीत. एखाद्या एकट्या बाईवर गावानं तसा ठपका ठेवलेला असतो आणि ती त्यापायी हालअपेष्टा सोसत असते. त्याच गावात कट्ट्यावर बसून "पुस्तकातली चेटकीण अगदी आपल्या फलाणीसारखी" असं कोणी गमतीत म्हटलं, तर ते गमतीत राहत नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. एखाद्यावर करणी करतो म्हणून आळ घेणं, त्याला छळणं हा त्यात गुन्हा आहे.

म्हणून तीन नियम पक्के ठेवा. भयकादंबरी देताना "हे खरं घडलेलं आहे" असं कधीही म्हणू नका, भाव वाढवण्यासाठीसुद्धा नाही. गोष्टीतलं पात्र किंवा वाडा गावातल्या माणसाशी, घराशी, विहिरीशी जोडू नका, आणि दुसरं कोणी जोडत असेल तर तिथंच थांबवा. लहान मुलं बसलेली असताना भयकथा मोठ्यानं वाचायची असेल तर संपल्यावर उठू नका. लेखकानं भीती कशी रचली, आवाज आधी आणि माणूस नंतर कसा आणला, यावर पाच मिनिटं बोला. भीती ही कारागिरी आहे हे पोरांना एकदा दिसलं की ती तिच्यात अडकत नाहीत, उलट स्वतः लिहायला बघतात.

ज्या घरात नुकतं कोणी गेलं आहे, तिथं मेलेला माणूस परत येण्याची गोष्ट पाठवू नका. दुसऱ्या पायरीतली पेन्सिलीची नोंद इथं उपयोगी पडते. बाळंतीण असलेल्या घरासाठीही तीच नोंद पाहा.

तपासा: वाचक अठराच्या आतला असेल तर पुस्तक तुम्ही स्वतः शेवटपर्यंत वाचलं आहे का? नसेल तर देऊ नका.

७. पुस्तक हाती देताना

वहीत नाव, तारीख आणि परत आणण्याचा दिवस. आठवडी बाजाराचा दिवस धरला की सगळ्यांच्या लक्षात राहतो. पावसाळ्यात खताच्या पिशवीच्या आतलं स्वच्छ प्लास्टिक पुस्तकाला गुंडाळून द्या. खुणेचा कोरा कागद आत ठेवाच, नाहीतर पान दुमडलं जातं.

पुस्तक सापडत नाही म्हणून ग्रुपवर स्कॅन केलेली पीडीएफ टाकण्याची सवय पसरली आहे, ती बंद करा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर, पुढच्या वर्षापासून मोजून, साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. नाथमाधव १९२८ साली गेले, त्यांची पुस्तकं मोकळी झाली आहेत. धारप २००८ साली गेले, त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०६८ अखेरपर्यंत आहे. नारळीकरांचा २०८५ अखेरपर्यंत. फुकट आणि रीतसर वाचायचं असेल तर ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीनं मराठी ई-पुस्तकं देतं. तिथं मिळतं का ते आधी पाहा.

८. परत आल्यावर काय विचाराल

"आवडलं का?" हा प्रश्न विचारू नका. गावात त्याचं उत्तर "हो, चांगलं होतं" एवढंच येतं, कारण माणसं मनं राखतात. त्याऐवजी विचारा, "कोणत्या पानावर रात्री झोप आली?" आणि "कोणत्या पानाला जेवण थांबवलं?" याची उत्तरं खरी येतात.

अर्ध्यात सोडलं असेल तर अजिबात वाईट वाटून घेऊ नका, वाटू देऊही नका. कुठं सोडलं ते विचारा. पहिल्या वीस पानांत सोडलं असेल तर बहुधा भाषा किंवा अक्षर आडवं आलं. मधे सोडलं असेल तर लांबी जास्त झाली, पुढच्या वेळी कथासंग्रह. शेवटाजवळ सोडलं असेल तर भीती झेपली नाही किंवा कोणीतरी शेवट फोडला. दोन्ही कारणं वेगळी आहेत, तेव्हा स्पष्टच विचारा. शेवट कोणी फोडला ते कळलं तर त्या भाऊंना बाजूला घेऊन पाचवी पायरी समजावून सांगा.

हे उत्तर पहिल्या पायरीतल्या वहीत त्या पुस्तकासमोर लिहा: कोणाला जमलं, कोणाला नाही, कुठं अडलं. दुसऱ्या वाचकासाठी पुस्तक काढताना मुखपृष्ठाआधी ही ओळ वाचा. वाचून झालेल्याला त्याच बैठकीत विचारा, "हे पुढं कोणाला द्यावं वाटते?" तो जे नाव सांगेल, त्या माणसाकडे तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करा.